नवी नोकरी, विमा आणि वजनाचे ऑपरेशन



गावात एखाद्याचे वजन फार वाढले, की पारावर दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, "बसून खातो, म्हणून फुगला." दुसरे, "खाणं कमी कर म्हणावं, होईल बारीक." बाईमाणूस असेल तर बोलणे आणखी टोचून होते. आम्हांला हे बोलणे आवडत नाही. ते खरेही नाही. शंभर किलोंच्या घरात गेलेला माणूस महिनाभर अर्धपोटी राहतो, चार किलो उतरवतो, आणि सहा महिन्यांत पाच किलो पुन्हा चढतात. त्यात आळसच असतो असे नाही. शरीराला वाढलेल्या वजनाची सवय लागते. खाणे कमी केले की शरीर भूक वाढवते आणि आतला खर्च काटकसरीने करू लागते. दुष्काळात शहाणी बाई पीठ जपून वापरते ना, तसेच. म्हणून आजचे डॉक्टर अति वजनाला आजार म्हणतात. त्याच्या मागोमाग मधुमेह येतो, रक्तदाब येतो, गुडघे जातात, झोपेत श्वास अडकतो.

अशा माणसांसाठी एक ऑपरेशन आहे. पुष्कळांना वाटते, की त्यात पोटावरची चरबी कापून काढतात. तसे नाही. चरबी ओढून काढणे हे निराळे काम. ते दिसण्यासाठी करतात आणि विमा त्याचे पैसे देत नाही. वजनाच्या ऑपरेशनात चरबीला हात लावत नाहीत. ज्या पिशवीत अन्न जाते त्या जठरावर ते करतात. एका प्रकारात जठराचा सुमारे पाऊण भाग किंवा थोडा अधिकच काढून टाकतात. उरते ती केळ्यासारखी लांबट नळी. दुसऱ्या प्रकारात जठराच्या वरच्या टोकाला लहान लिंबाएवढी पिशवी वेगळी करतात आणि ती खालच्या आतड्याला जोडतात. दोन्हींत थोड्या घासांत पोट भरते, आणि भूक लावणारे रसही बदलतात. दीड-दोन वर्षांत मूळ वजनाचा साधारण चौथा हिस्सा, कधी त्याहून जास्त, उतरतो. कित्येकांचा मधुमेह आटोक्यात येतो.

आता दुसरी बाजूही सांगतो. हे मोठे ऑपरेशन आहे. त्यात धोका थोडा असला तरी असतो. नंतर जन्मभर लोह, कॅल्शियम, बी-१२ अशा गोळ्या घ्याव्या लागतात आणि रक्त तपासावे लागते. बाईने वर्ष-दीड वर्ष तरी दिवस राहू देऊ नयेत. घास बारीक चावून, हळू खावा लागतो. लग्नाच्या पंगतीत आग्रह झाला तरी हात आडवा धरावा लागतो. हे ज्याला जमणार नाही, त्याने ऑपरेशनच्या वाटेला जाऊ नये.

खासगी दवाखान्यात याला काही लाख रुपये लागतात. मुंबईच्या काही मोठ्या सरकारी रुग्णालयांतही ते होते, पण तिथे नंबर लागेपर्यंत थांबावे लागते. शेतमजूर, टेम्पोवाला, शिपाई यांनी लाखांचा आकडा ऐकला की डोळ्यांपुढे जमीन येते. जमीन विकायची, की व्याजाने काढायचे? आमच्या मते दोन्ही नको. आधी एक तिसरी वाट पाहावी. घरातला कमावता माणूस ज्या नोकरीत आहे, किंवा जी नोकरी धरणार आहे, त्या नोकरीबरोबर आजारपणाचा विमा येतो का? आणि त्या विम्यात हे ऑपरेशन बसते का?

नोकरीला दवाखान्याचा खर्च जोडण्याची चाल दोन वाटांनी वाढली. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, सरकारने पगारवाढीवर बंधन घातले. कारखानदारांना माणसे तर हवी होती. मग पगार वाढवता येत नाही, तर दवाखान्याचा विमा देतो, असे म्हणून ते माणसे ओढू लागले. तिथे आजही पुष्कळ लोक नोकरी बदलताना पगाराच्या आधी विम्याचा कागद पाहतात, आणि वजनाचे ऑपरेशन कोणत्या विम्यात बसते याची चौकशी करून नोकरी धरणारेही आहेत. आपल्याकडे १९४८ साली कामगार राज्य विम्याचा कायदा झाला. त्याला लोक ईएसआय म्हणतात. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी ही योजना कानपूर आणि दिल्ली येथे सुरू झाली. खासगी कंपन्यांचे सामूहिक विमे पुढे आले. तुमचा कोणी नातलग अमेरिकेत असेल आणि फोनवरून तिकडचे नियम सांगत असेल, तर ऐकून घ्या. पण इकडच्या विम्याला ते नियम लागू नाहीत.

आम्ही जन्मभर शाळेत गणित शिकवले, म्हणून आता हिशेबाकडे वळतो. विम्यात वजन नुसत्या किलोंनी मोजत नाहीत. उंच माणसाचे वजन जास्त असणारच. म्हणून बीएमआय नावाचा आकडा काढतात. उंची मीटरमध्ये घ्यायची, तिला तिनेच गुणायचे, आणि आलेल्या आकड्याने वजनाला भागायचे. समजा, उंची १६० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ५ फूट ३ इंच. मीटरमध्ये ती १.६ झाली. १.६ गुणिले १.६ बरोबर २.५६. वजन ९४ किलो असेल तर ९४ भागिले २.५६. उत्तर ३६.७ येते. हा बीएमआय. पाटीवर एकदा स्वतःचा काढून पाहा. शाळेत जाणाऱ्या नातवाला सांगितले तर तोही काढून देईल.

हा आकडा कशाला हवा? २०१९ साली भारताच्या विमा नियामकाने सगळ्या कंपन्यांना एक ठरीव कलम घालून दिले. पॉलिसीच्या कागदात ते "वगळलेल्या गोष्टी" या भागात असते आणि त्याचा क्रमांक बहुधा ६ असतो. कलमाची सुरुवात "वजनावरच्या इलाजाचे पैसे मिळणार नाहीत" अशी आहे. पुष्कळ लोक तेवढेच वाचतात आणि निराश होऊन कागद मिटतात. अहो, पुढे वाचा! पुढे लिहिले आहे, की अमुक अटी सगळ्या पुऱ्या झाल्या, तर मात्र पैसे मिळतील. ऑपरेशन डॉक्टरच्या सल्ल्याने हवे. वैद्यकशास्त्राच्या ठरलेल्या पद्धतीप्रमाणे त्याची गरज दिसली पाहिजे. माणूस १८ वर्षांचा किंवा मोठा पाहिजे. आणि बीएमआय ४० किंवा त्याच्या वर पाहिजे.

बीएमआय ३५ ते ४० च्या मध्ये असेल तर? तरीही मिळते, पण सोबत चारांपैकी एक भारी आजार असला पाहिजे. वजनामुळे हृदयाचा स्नायू कमजोर झाला असेल. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असेल. झोपेत श्वास अडकण्याचा आजार फार असेल. किंवा मधुमेह औषधे घेऊनही आटोक्यात येत नसेल. शिवाय, पथ्य, व्यायाम, औषधे असे साधे उपाय आधी करून पाहिले आणि ते फसले, हे दिसले पाहिजे. नीट बघा, या यादीत गुडघेदुखी नाही. नुसता रक्तदाबही नाही. गुडघे घेऊन माणूस रडकुंडीला आलेला असतो. पण बीएमआय ३८ असेल आणि दुखणे फक्त गुडघ्यांचे असेल, तर कलमात तो बसत नाही. आम्हांला हे न्यायाचे वाटत नाही. पण कागद असा आहे.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. डॉक्टरांचे माप आणि विम्याचे माप एक नाही. ४० आणि ३५ हे आकडे मूळ अमेरिकेत १९९१ साली ठरलेले. २०२२ साली या ऑपरेशनच्या डॉक्टरांच्या दोन मोठ्या संस्थांनी ते बदलले. त्यांनी म्हटले, की ३५ च्या वर असेल तर दुसरा आजार नसला तरी ऑपरेशनचा सल्ला द्यावा; आणि आपल्यासारख्या आशियातल्या लोकांना कमी वजनावरच मधुमेह गाठतो, म्हणून त्यांच्या बाबतीत २७.५ पासूनच विचार करावा. ते शास्त्राच्या दृष्टीने ठीक. पण विम्याच्या कलमात आकडे ४० आणि ३५ हेच आहेत. त्यामुळे मोठ्या शहरातला डॉक्टर म्हणतो, "ऑपरेशन करा," आणि विम्याचा माणूस म्हणतो, "बसत नाही." दोघेही आपापल्या जागी खरे. डॉक्टरने हो म्हटले म्हणजे विम्याने हो म्हटले, असे समजून दवाखान्यात भरती होऊ नका.

आता नोकरीकडे येऊ. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची हकीकत सांगतो. नाव सांगत नाही, कारण गोष्ट त्याच्या घरातली आहे. तो एका लहान वर्कशॉपचा टेम्पो चालवी. सात कामगार, पगार १७ हजार. त्याच्या बायकोचे वजन ९४ किलो, उंची १६० सेंटिमीटर. वर जे गणित केले ते तिचेच. तिला मधुमेह. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा जो तपास असतो, ज्याला एचबीएवनसी म्हणतात, तो पावणेदहाच्या आसपास. इन्सुलिन घेऊनही खाली येत नव्हता. पाय बधिर होऊ लागले होते. तालुक्याच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवले आणि पुण्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवले.

सात कामगारांच्या वर्कशॉपला ईएसआय लागत नाही. त्याला साधारण दहा माणसे लागतात. म्हणून त्याने नोकरी बदलायचे ठरवले. चाकणच्या बाजूला तीन ठिकाणी बोलणी झाली. एका ठिकाणी कंत्राटदाराकडून काम, पगार १९,५००. दुसऱ्या ठिकाणी दुसरा कंत्राटदार, पगार २३,५००. तिसरी जागा थेट कंपनीच्या पटावर, पगार २२,०००. तो आमच्याकडे आला तो दुसऱ्या जागेचे पेढे घेऊनच. "गुरुजी, साडेतेवीस देतोय. विमाही आहे म्हणतो."

आम्ही विचारले, "विमा कसला? कागद आण."

कागद आला. तो अपघात विमा होता. मशीनमध्ये हात सापडला, रस्त्यावर गाडीने उडवले, तर पैसे. मधुमेहाला, ऑपरेशनला त्यात एक पैसाही नाही. कंत्राटदार खोटे बोलला असे आम्ही म्हणणार नाही. त्याने "विमा आहे" म्हटले, आणि विमा होता. पण विचारणाऱ्याच्या मनात एक विमा, सांगणाऱ्याच्या मनात दुसरा.

बरे, ईएसआय तरी मिळेल का? नाही. ईएसआयला पगाराची मर्यादा आहे. १ जानेवारी २०१७ पासून ती महिन्याला २१,००० रुपये ठरवली गेली. सरकार ही मर्यादा अधूनमधून बदलते, तेव्हा नोकरी धरतेवेळी चालू आकडा विचारून घ्यावा. त्यापेक्षा पगार जास्त असला, तर त्या नोकरीत नव्याने लागणारा माणूस ईएसआयमध्ये येत नाही. म्हणजे साडेतेवीस हजारांच्या नोकरीत त्याला ईएसआय नाही आणि आजारपणाचा दुसरा विमाही नाही. पगार सगळ्यांत मोठा, आणि आजारपणात आधार सगळ्यांत कमी. या दोहोंच्या मधल्या फटीत किती माणसे पडतात, याची लोकांना कल्पना नाही. आधीच ईएसआयमध्ये असलेल्या माणसाचा पगार वाढून मर्यादेबाहेर गेला, तर तो लगेच बाहेर पडत नाही. वर्षाचे दोन हप्ते असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. चालू हप्ता संपेपर्यंत तो आत राहतो. पगारवाढीची चिठ्ठी हातात पडली, की ही तारीख पाहून ठेवा.

साडेएकोणीस हजारांच्या जागेत ईएसआय होता. ईएसआयला लोक उगाच नावे ठेवतात. त्यात कामगाराच्या पगारातून शंभर रुपयांमागे ७५ पैसे जातात आणि मालक ३ रुपये २५ पैसे भरतो. हे दर १ जुलै २०१९ पासूनचे. त्यात बायको-मुलेही येतात. आणि दवाखान्याच्या खर्चाला खासगी विम्यासारखी "एवढे लाख, पुढे नाही" अशी रेघ नसते. मात्र आधी त्यांच्या दवाखान्यात जावे लागते. त्यांचा डॉक्टर तपासतो, गरज वाटली तर चिठ्ठी देऊन मोठ्या रुग्णालयात पाठवतो. चिठ्ठीशिवाय परस्पर खासगी दवाखान्यात जाऊन ऑपरेशन केले, आणि मग बिल घेऊन ईएसआयच्या दारात उभे राहिले, तर फार त्रास होतो. रांग आहे, हेलपाटे आहेत. पण गरीब माणसाला तो मोठा आधार आहे.

तिसऱ्या जागी, कंपनीच्या पटावर, सामूहिक विमा होता. ३ लाखांचा, नवरा-बायको आणि दोन मुले मिळून. सामूहिक विमा म्हणजे कंपनी सगळ्या नोकरांची मिळून एक पॉलिसी काढते. त्याचा मोठा गुण असा, की जुन्या आजाराला वाट पाहावी लागत नाही, असे कलम त्यात बहुधा असते. स्वतः बाजारातून विमा काढला, तर आधीपासून असलेल्या आजारासाठी थांबावे लागते. १ एप्रिल २०२४ पासून ही वाट जास्तीत जास्त ३६ महिन्यांची. पाय बधिर होत चाललेल्या बाईला तीन वर्षे थांबायला सांगायचे कसे? म्हणून नोकरीचा विमा इथे सोन्याच्या मोलाचा. पण "बहुधा असते" म्हणजे "असतेच" नव्हे. ते कागदावर पाहायचे.

मुलाखतीत बायकोच्या ऑपरेशनची गोष्ट काढू नये, असे आमचे मत. तिथे कामाचे बोलावे. नेमणुकीचे पत्र हातात आले, की मग जुन्या नोकरीचा राजीनामा देण्याआधी, कचेरीतल्या माणसाला नम्रपणे म्हणावे, "साहेब, आरोग्य विम्याच्या नियमांचा कागद वाचायला मिळेल का?" मोठ्या कंपनीत या माणसाला एचआर म्हणतात. हे विचारण्यात लाजण्यासारखे काही नाही. विमा हा पगाराचाच भाग आहे. बैल घेताना आपण दात पाहतोच की.

आमच्या विद्यार्थ्याने तो कागद आणला. सतरा पाने, इंग्रजीत. त्याची पुतणी कॉलेजात शिकते. तिने वाचले आणि आम्ही तिघे-चौघे बसलो. वजनाचे ते कलम होते, पुढच्या अटींसकट होते. जुन्या आजाराला वाट नाही, असेही होते. पण दोन गोष्टी निघाल्या ज्या कोणी तोंडी सांगितल्या नसत्या. एक, या ऑपरेशनसाठी ३ लाख पुरते मिळणार नव्हते, २ लाखांपर्यंतच. दुसरी, खोलीचे भाडे दिवसाला विम्याच्या रकमेच्या शेकडा १, म्हणजे ३,००० रुपये.

हे खोलीभाडे दिसायला किरकोळ, पण त्यात माणूस बुडतो. ३,००० ची मर्यादा असताना ६,००० ची खोली घेतली, तर फक्त वरचे ३,००० आपल्या अंगावर येतात असे वाटते. तसे नाही. खोली दुपटीची घेतली, म्हणून डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटरचे भाडे असे पुष्कळ खर्चही त्याच हिशेबाने निम्मे कापतात. दवाखान्याच्या खिडकीवर "वरची खोली रिकामी आहे, घेता का?" असे विचारतात तेव्हा आधी आपली मर्यादा सांगायची. सुपारीएवढ्या गोष्टीने पन्नास हजार जातात.

त्याने तिसरी नोकरी धरली. साडेतेवीस सोडून बावीस घेतले, म्हणून भावकीत हसे झाले म्हणे. होऊ दे.

रुजू होण्याच्या दिवशी विम्याचा फॉर्म भरायचा होता. कारकून म्हणाला, "आत्ता तुमचं नाव घाला, घरच्यांची नंतर घालू." त्याने आम्हांला फोन केला. आम्ही सांगितले, "अरे, आजच घाल. बायकोचं नाव, जन्मतारीख, आधार, सगळं." कारण पुष्कळ सामूहिक विम्यांत घरच्यांची नावे रुजू झाल्यापासून ठरावीक दिवसांतच घेतात. ती मुदत गेली की पॉलिसी पुन्हा काढेपर्यंत, म्हणजे कधी कधी वर्षभर, दार बंद. फॉर्ममध्ये आजार विचारला असेल तर मधुमेह आहे असेच लिहावे. लपवलेला आजार दवाखान्याच्या जुन्या कागदांतून बाहेर येतोच, आणि मग खरा हक्कही जातो.

यानंतर अडचण आली ती कागदांची. तिचा बीएमआय ३६.७. म्हणजे ४० च्या खाली. तेव्हा मधुमेह आटोक्यात नाही आणि साधे उपाय करून फसले, हे दोन्ही दाखवायला हवे. मधुमेह आठ वर्षांचा होता, पण कागद? चिठ्ठ्या काही देव्हाऱ्याच्या मागे, काही टेम्पोच्या खणात, आणि रक्ताच्या तपासाचे बरेच कागद चुलीत गेलेले. आपल्याकडे सातबारा पेटीत जपतात आणि डॉक्टरची चिठ्ठी पाठमोरी करून तिच्यावर किराण्याची यादी लिहितात. शेवटी तालुक्याच्या डॉक्टरांनी आपल्या वहीतून जुन्या तारखा काढून सहीशिक्क्याचे पत्र दिले. मग त्या बाईने सहा महिने आहारतज्ज्ञाकडे जाऊन दर महिन्याला वजन लिहून घेतले. गोळ्या, इन्सुलिन, चालणे, सगळे तारखेनिशी. ती शिकलेली चौथी, पण वही अशी ठेवली, की दवाखान्यातल्या बाईंनी विचारले, "हे कुणी लिहिलं?" "मीच," म्हणाली.

ऑपरेशन आधीपासून ठरवून करायचे असले, तर दवाखाना काही दिवस आधी विमा कंपनीकडे मंजुरी मागतो. याला कॅशलेस म्हणतात. पैसे कंपनी सरळ दवाखान्याला देते. २०२४ साली विमा नियामकाने सांगितले, की अशा मागणीवर कंपनीने एका तासात उत्तर द्यावे आणि घरी सोडतेवेळी तीन तासांत. तिच्या बाबतीत कंपनीने आधी एक शंका काढली: साधे उपाय केल्याचा पुरावा काय? वहीची प्रत गेली आणि मंजुरी आली. २ लाख विम्याने दिले. वरचे पाऊण लाखाच्या आसपास त्याने पतपेढीतून काढले. शेत राहिले.

आज तिचे वजन बहात्तरच्या घरात आहे. इन्सुलिन बंद झाले आहे, एक गोळी चालू आहे. पाय पूर्वीसारखे नाहीत, पण आणखी बिघडलेले नाहीत. गोळ्यांचा महिन्याचा खर्च मात्र खिशातूनच जातो. विमा भरती होण्याआधीचे आणि सुटल्यानंतरचे थोड्या दिवसांचेच बिल देतो. पुढे जन्मभराच्या जीवनसत्त्वांचे देत नाही. हा खर्च आधीच धरून चालावे.

नोकरीच्या विम्याची एक उणी बाजू अशी, की नोकरी गेली त्या दिवशी विमाही जातो. ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यावर असताना मुकादमाशी भांडून राजीनामा फेकू नका. आणि पॉलिसी दरवर्षी नव्याने निघते. यंदा जे कलम आहे ते पुढच्या वर्षी असेलच असे नाही. कंपनी विमा बदलू शकते, मर्यादा कमी करू शकते. म्हणून पॉलिसी कोणत्या तारखेला संपते ते विचारून कॅलेंडरवर खूण करावी. नोकरी सोडणे भाग पडले, तर त्याच विमा कंपनीच्या स्वतःच्या, वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय नियमात आहे. तसे गेले, तर सामूहिक विम्यात काढलेली वर्षे वाट पाहण्याच्या मुदतीत धरतात. मात्र त्यासाठी अर्ज मुदतीत करावा लागतो. नोकरीच्या शेवटच्या दिवसाआधीच केलेला बरा. कंपनी वय आणि प्रकृती पाहून हप्ता सांगते; तो सामूहिक विम्यापेक्षा जास्त असतो.

आणि मंजुरी नाकारली तर? फोनवर "होत नाही" म्हटले, तर तेवढ्यावर परत फिरू नका. नकार लेखी मागा, आणि कोणत्या कलमाखाली नाकारले तेही लिहून मागा. मग विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र द्या. महिनाभरात उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात मुंबईला आणि पुण्याला त्यांची कचेरी आहे. सामूहिक विम्याची तक्रारही ते घेतात. ५० लाखांपर्यंतच्या मागणीचा निकाल ते देऊ शकतात. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीचा नकार मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत जावे. अर्ज साध्या कागदावर चालतो: आपले नाव-पत्ता, पॉलिसीचा क्रमांक, काय मागितले, काय नाकारले, आणि खाली सही. सोबत नकाराचे पत्र, डॉक्टरचा सल्ला, बीएमआय लिहिलेला कागद आणि औषधोपचाराच्या वहीची प्रत जोडावी. मूळ कागद कोणालाही देऊ नयेत. अर्ज पोस्टाने पाठवला तर रजिस्टर करावा आणि पावती वहीतच चिकटवून ठेवावी.